सोडलेल्या स्थानाचे पावित्र्य : कोंडिविटे, मरोळ आणि एक जुना प्रश्न

एखाद्या स्थानाला पवित्र म्हटले जाते तेव्हा ते पावित्र्य नेमके कशात वसते, तेथील दगडमातीत, तेथे झालेल्या विधीत, की तेथे येणाऱ्या माणसांच्या श्रद्धेत, हा प्रश्न बहुतेक सर्व धर्मपरंपरांनी स्वतःला विचारलेला आहे आणि प्रत्येकीने त्याचे उत्तर आपापल्या परीने दिलेले आहे. नित्य वापरातल्या देवळाच्या, चर्चच्या किंवा विहाराच्या बाबतीत हा प्रश्न फारसा जाणवत नाही, कारण तेथे वास्तू, विधी आणि श्रद्धा या तिन्ही गोष्टी एकत्र नांदत असतात. माणसे निघून गेली, विधी थांबले आणि केवळ भिंती उरल्या, म्हणजे मात्र तो टाळता येत नाही. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीच्या पूर्वेला, कोंडिविटे या जुन्या गावाच्या परिसरात अशी दोन स्थाने एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. एक म्हणजे बौद्ध भिक्षूंनी कोरलेली आणि पुढे महाकालीच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली लेणी, आणि दुसरे म्हणजे 1579 मध्ये पोर्तुगीज जेझुइटांनी बांधलेले व 1840 मध्ये गावाने सोडलेले संत जॉन बाप्तिस्ताचे चर्च. उपासकांनी सोडलेल्या स्थानाचे काय होते, याचा विचार करण्यासाठी इतके जवळचे आणि इतके बोलके उदाहरण मुंबईच्या उपनगरांत दुसरे क्वचितच सापडेल.

कोंडिविटे हे साष्टी बेटावरचे गाव. आज ज्याला मुंबई उपनगर म्हटले जाते त्या वांद्र्यापासून दहिसरपर्यंतच्या आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या भूभागाचा मोठा हिस्सा पूर्वी साष्टी या नावाने ओळखला जाई, आणि मुंबईची सात बेटे या मोठ्या बेटाच्या दक्षिणेस होती. भातखाचरे, ताडमाडाची झाडे, खाडीकाठची मिठागरे आणि मधूनमधून वर आलेल्या खडकाळ टेकड्या, असे या बेटाचे रूप विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बऱ्याच अंशी टिकून होते. सोपारा आणि कल्याण या प्राचीन बंदरांच्या मधोमध असल्यामुळे व्यापाराच्या वाटा या बेटाच्या आसपासून जात, आणि व्यापाऱ्यांच्या दानावर जगणारे भिक्षुसंघ या वाटांच्या जवळपास, पण वस्तीच्या गजबजाटापासून दूर, डोंगरांत राहत. बोरिवलीच्या पूर्वेच्या डोंगरात शंभराहून अधिक लेण्यांचे कान्हेरी वसले ते याच कारणाने, आणि कोंडिविट्याची लहानशी टेकडीही त्याच जगाचा भाग होती.

या टेकडीवर लेण्यांचे दोन गट असून त्यांतील लेण्यांची एकूण संख्या एकोणीस धरली जाते. खडक ठिसूळ आहे, त्यामुळे कोरीवकाम झिजले आहे, आणि अजिंठा किंवा कार्ले पाहून आलेल्या माणसाला येथे पहिल्या नजरेत फारसे काही दिसत नाही. तरीही येथील नवव्या क्रमांकाचे लेणे भारतीय शैलवास्तूच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. हे चैत्यगृह आहे, म्हणजे स्तूपाच्या पूजेसाठी कोरलेले दालन. सर्वसामान्य चैत्यगृहात दालनाच्या टोकाला अर्धवर्तुळाकार भिंत असते व तिच्या पुढ्यात स्तूप उघडा उभा असतो. कोंडिविट्याला मात्र आयताकार दालनाच्या शेवटी खडकातच एक गोल, घुमटाकार कुटी कोरली आहे आणि स्तूप त्या कुटीच्या आत आहे. कुटीच्या दर्शनी भिंतीला दाराच्या दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या कोरलेल्या आहेत. गवताने शाकारलेल्या झोपडीचे हे दगडी रूप बिहारमधील बराबर टेकडीवरच्या मौर्यकालीन सुदामा लेण्याशी जवळचे नाते सांगते, आणि म्हणूनच पश्चिम भारतातल्या प्राचीन चैत्यगृहांत त्याची गणना होते. याच लेण्यात एक ब्राह्मी लेख आहे. गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने आपल्या भावासह विहाराचे दान केल्याची नोंद त्यात आहे. ब्राह्मण गोत्राचा अभिमानाने उल्लेख करणारा दाता बौद्ध संघाला निवारा देतो, यावरून त्या काळातील धार्मिक सीमारेषा आजच्या कल्पनेइतक्या ताठर नसाव्यात असे मानण्यास जागा आहे. पुढे काही शतकांनी त्याच चैत्यगृहाच्या भिंतीवर बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. एकच स्थान, तोच धर्म, पण उपासनेची रीत बदलली, आणि नव्या रीतीने जुन्या स्तूपाला बाजूला न सारता शेजारच्या भिंतीवर आपली जागा शोधली.

स्थान आणि श्रद्धा यांच्या नात्याचा विचार बौद्ध परंपरेने फार लवकर आणि फार स्पष्टपणे केला होता. महापरिनिब्बान सुत्तात बुद्धाच्या जन्माचे, बोधीचे, पहिल्या उपदेशाचे आणि परिनिर्वाणाचे अशी चार स्थाने श्रद्धावंताने पाहावीत असे सांगितले आहे. कालिंगबोधि जातकाच्या प्रस्तावनेत तर हा प्रश्न अगदी व्यवहाराच्या पातळीवर उभा राहतो. बुद्ध श्रावस्तीबाहेर चारिकेला, म्हणजे भ्रमणाला, गेले असता फुले घेऊन आलेल्या लोकांना पूजेसाठी कोणीच सापडत नाही, तेव्हा तथागत नसताना लोकांनी पूजा कशाची करावी, असे बुद्धांचा शिष्य आनंद विचारतो. उत्तरात चैत्याचे, म्हणजे पूज्य आधाराचे, तीन प्रकार येतात. शरीराच्या अवशेषांवर उभारलेले ते शारीरिक, बुद्धाच्या वापरात आलेल्या वस्तूचे किंवा वृक्षाचे ते पारिभोगिक, आणि केवळ स्मरणासाठी निर्माण केलेले ते उद्देशिक. यांतील तिसऱ्या प्रकाराला वस्तूचा आधार नाही, तो मनाच्याच आधारावर उभा राहतो, असे हे जातक मानते. या वर्गीकरणात एक मोठा प्रामाणिकपणा आहे. कोंडिविट्याच्या स्तूपाखाली कोणाचे अवशेष नाहीत, तो डोंगराच्याच दगडात कोरलेला आहे, म्हणजे त्याचे पूज्यत्व या विचारानुसार मुख्यतः स्मरणाने दिलेले आहे. मग स्मरण करणारा संघच निघून गेला की ते पूज्यत्व कोठे जाते? कान्हेरीप्रमाणेच कोंडिविट्याचाही भिक्षुसंघ मध्ययुगात केव्हातरी संपला, आणि जवळच्या देवीच्या नावाने लेणी महाकालीची झाली. शतकानुशतके ती गुराख्यांना आणि पावसाला आसरा शोधणाऱ्या वाटसरूंना ठाऊक असलेली जागा एवढीच उरली. परंतु 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतल्यानंतर महाराष्ट्रातील नव्या बौद्धांनी या लेण्यांकडे पुन्हा उपासकाच्या नजरेने पाहायला सुरुवात केली, आणि बुद्धपौर्णिमेला कान्हेरीसारख्या ठिकाणी वंदनेसाठी येणारी माणसे जुन्या दात्यांशी रक्ताचे वा गोत्राचे कोणतेही नाते न सांगताही त्या स्तूपाशी असलेले नाते पुन्हा जोडतात. हजार वर्षांच्या खंडानंतर हे शक्य झाले, कारण स्तूप जागेवर होता आणि तेथवर जाता येत होते. या दोन अटींकडे पुढे परत यावे लागेल.

दुसरे स्थान चर्चचे. 1534 मध्ये वसई आणि तिच्याबरोबर साष्टी गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे गेली, आणि त्यानंतर फ्रान्सिस्कन व जेझुइट या दोन संघांनी बेटाच्या वेगवेगळ्या भागांत धर्मप्रसार सुरू केला. संघ म्हणजे येथे ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन यांचे व्रत घेतलेल्या ख्रिस्ती साधूंचा संघटित समूह. कोंडिविट्याचे चर्च जेझुइटांचे. ते 1579 मध्ये बांधून झाले आणि येशूला जॉर्डन नदीत स्नानसंस्कार देणाऱ्या संत जॉनच्या नावाने अर्पण करण्यात आले. साष्टीतील गावकऱ्यांनी शेतकरी, कोळी, भंडारी अशी आपली जुनी ओळख न सोडता नवा धर्म स्वीकारला, आणि त्यांच्याच वंशजांचा समाज पुढे ईस्ट इंडियन या नावाने ओळखला जाऊ लागला. 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या समाजाने बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन करून ते नाव अधिकृतपणे घेतले. मराठीचीच एक बोली बोलणारा, लग्नात उंबराच्या पाण्याचा विधी पाळणारा आणि भाताच्या पहिल्या लोंब्या आगेरा या सणात चर्चमध्ये आणून आशीर्वाद घेणारा हा समाज मुंबईच्या मूळ रहिवाशांपैकी एक आहे, ही गोष्ट मराठी वाचकांच्या लक्षात सहसा राहत नाही, आणि ती राहायला हवी.

1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, 1739 मध्ये वसई पडली, आणि पोर्तुगीज धर्मसंघांची सत्ता संपली. तरी कोंडिविट्याचे चर्च आणखी शतकभर चालू होते. त्याचा शेवट युद्धाने झाला नाही. 1840 च्या सुमारास गावात साथ आली, वस्ती विरळ झाली, आणि चर्च शेजारच्या मरोळ गावात हलवण्याचा निर्णय झाला. जाताना लोकांनी मूर्ती नेल्या आणि बाप्तिस्म्याचे कुंड, म्हणजे नवजात बालकाला धर्मात प्रवेश देताना ज्यातले पाणी वापरतात ते दगडी पात्रही नेले. मरोळला याच संताच्या नावाने चर्च उभे राहिले आणि जुन्या वास्तूचे छप्पर कालांतराने गेले. भिंती मात्र राहिल्या.

साथीतून वाचलेल्या त्या माणसांनी काय नेले आणि काय मागे ठेवले, याकडे नीट पाहिले तर त्यांच्या कृतीत एक संपूर्ण धर्मविचार दिसतो, जरी तो त्यांनी कोठे लिहून ठेवलेला नसला तरी. ज्या कुंडापाशी त्यांच्या वाडवडिलांची नावे ठेवली गेली ते कुंड त्यांनी नेले, कारण ते त्यांच्या वंशसातत्याचे साधन होते. भिंती नेता येत नाहीत म्हणून राहिल्या, आणि चर्चच्या आवारात पुरलेले पूर्वज तेथेच राहिले. भारतीय मूर्तिशास्त्रात चल आणि अचल असा भेद केला जातो. उत्सवाच्या वेळी हलवता येणारी मूर्ती चल, आणि गर्भगृहात कायमची बसवलेली ती अचल. कोंडिविट्याच्या लोकांनी आपल्या श्रद्धेचा चल भाग आणि अचल भाग असे दोन वाटे केले, असे म्हणता येईल.

हे त्यांनी केले तेव्हा अशा स्थलांतराला कोकणपट्टीत तीनशे वर्षांचा इतिहास होता, फक्त त्याची दिशा उलटी होती. गोव्यात पोर्तुगिजांनी देवळे पाडायला सुरुवात केली तेव्हा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुठ्ठाळीचा मंगेश नदीपार प्रियोळला नेण्यात आला, आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. तेथील भाविकांनीही वास्तू सोडली आणि देव नेला, पण त्यांच्या कुळांच्या स्मृतीत मूळ गावाचे नाव टिकले. आजही या देवतांचे महाजन, म्हणजे परंपरेने त्या देवस्थानाचे सभासद असलेली घराणी, आपला मूळ संबंध सोडलेल्या गावाशी सांगतात. कारणे निराळी होती, एकीकडे राजसत्तेचा जुलूम आणि दुसरीकडे साथीचा रोग, तरी दोन्हीकडील माणसांनी एकाच प्रश्नाला जवळजवळ सारखेच उत्तर दिले: देव बरोबर येतो, पण जागा पूर्णपणे रिकामी होत नाही.

शास्त्रकारांची उत्तरे यापेक्षा नेमकी आहेत. आगम परंपरेत, म्हणजे देवालय व मूर्ती यांच्या उभारणीचे आणि पूजेचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांत, जीर्ण देवळाच्या दुरुस्तीपूर्वी मूर्तीतील देवत्व मंत्राने कुंभातील पाण्यात काढून घेण्याचा आणि काम झाल्यावर ते परत मूर्तीत स्थापन करण्याचा विधी आहे. त्याला कलाकर्षण म्हणतात. याचा अर्थ असा की विधीने दिलेले पावित्र्य विधीनेच काढता येते, आणि ते काढल्यानंतर उरतो तो केवळ दगड. रोमन कॅथलिक चर्चची आजची कायदेसंहिता 1983 ची आहे, आणि तिची भूमिकाही याच्या फार जवळची आहे. एखादे पवित्र स्थान बहुतांशी नष्ट झाले, किंवा कायमचे लौकिक वापरात गेले, तर त्याचे अर्पण संपते असे तिचे 1212 वे कलम सांगते. 1222 वे कलम उपासनेस निरुपयोगी झालेले चर्च लौकिक, पण अशोभनीय नव्हे अशा, वापरासाठी मोकळे करण्याचा अधिकार बिशपला देते. या अटीत सगळा पेच सामावलेला आहे. पावित्र्य जर खरोखर संपले असेल, तर त्या इमारतीचा वापर शोभनीय असावा असा आग्रह कशासाठी? ज्या संहितेने अर्पण संपल्याचे जाहीर केले, तिनेच काहीतरी शिल्लक राहते हेही अप्रत्यक्षपणे मान्य केले आहे.

हा पेच केवळ तात्त्विक नाही, हे जर्मनीतील इमेराथ या खेड्याच्या अलीकडच्या इतिहासावरून दिसते. ऱ्हाइनलँडमधील एर्केलेंत्स नगराच्या हद्दीतले हे लहान शेतकरी गाव गार्त्सवायलर येथील लिग्नाइट कोळशाच्या उघड्या खाणीच्या वाटेत आले. रहिवाशांना काही अंतरावर नवे इमेराथ वसवून देण्यात आले. जुन्या गावात 1888 ते 1891 या काळात बांधलेले संत लाम्बेर्टुसचे दोन मनोऱ्यांचे चर्च होते, आणि ते गावाच्या मानाने इतके भव्य होते की आसपासचे लोक त्याला इमेराथचे महामंदिर म्हणत. 13 ऑक्टोबर 2013 रोजी विधिपूर्वक त्याचे अर्पण मागे घेण्यात आले. जानेवारी 2018 मध्ये यंत्रांनी ते पाडले, तेव्हा विधीच्या दृष्टीने ते चर्च उरलेले नव्हते, तरी माणसे जमली, काहींनी विरोध केला आणि काहींनी अश्रू ढाळले. कायद्याच्या भाषेत तेथे एक लौकिक इमारत पाडली जात होती. पण अर्पण मागे घेण्याच्या विधीने एक गोष्ट संपवली होती, आणि दुसरी एक गोष्ट त्याच्या आवाक्याबाहेर राहिली होती, हे त्या अश्रूंनी दाखवून दिले. इमेराथच्या तुलनेत कोंडिविट्याचे गावकरी एका बाबतीत सुदैवी ठरले, कारण त्यांच्या भिंती उभ्या राहिल्या.

विधीच्या आवाक्याबाहेर उरणारी ही गोष्ट कोणती, याची विसाव्या शतकातील अभ्यासकांनी दिलेली उत्तरे परस्परविरोधी आहेत. एमिल दुर्खाइमने 1912 मध्ये पावित्र्य हे समाजाने स्वतःच्याच सामूहिक शक्तीला दिलेले रूप आहे असे मांडले. रूडॉल्फ ओटोने 1917 मध्ये त्याच्या विरुद्ध टोकाची भूमिका घेतली आणि पावित्र्य ही कशातच विरघळवता न येणारी, भय आणि ओढ एकाच वेळी निर्माण करणारी अनुभूती आहे असे म्हटले. मिर्चा एलियादेने 1957 मध्ये पवित्र स्थान स्वतःच प्रकट होते, माणूस ते निवडत नाही, असा सिद्धांत मांडला, आणि जोनाथन स्मिथने 1987 मध्ये त्याला उत्तर देताना विधीच जागेला पवित्र करतो असे प्रतिपादन केले. यांतील कोणतेही एक उत्तर कोंडिविट्याला पुरेसे पडत नाही. पावित्र्य केवळ समाजाचे प्रतिबिंब असते, तर समाज मरोळला गेल्यावर जुन्या भिंतींना काहीच अर्थ उरला नसता. ते जागेतच असते, तर मरोळच्या नव्या चर्चमध्ये गावकऱ्यांचे समाधान झाले नसते. आणि ते फक्त विधीत असते, तर विधी थांबून दीड शतक उलटल्यावर त्या भग्न वास्तूकडे परत जाण्याची ओढ कोणालाच वाटली नसती.

याहून समाधानकारक उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीत तेराव्या-चौदाव्या शतकांत घडले होते, आणि तुलनात्मक धर्मविचारात त्याची दखल अजून पुरेशी घेतली गेलेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. महानुभाव पंथाने रूढ मूर्तिपूजा नाकारली, पण पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी जेथे बसले, जेवले, निजले, बोलले त्या जागांना नमस्कार करण्याची परंपरा जोपासली. स्थानपोथी या ग्रंथात अशा जागांच्या नोंदी गावागणिक, दिशांसह आणि अंतरांसह केलेल्या आहेत, इतक्या काटेकोरपणे की त्यांच्या आधारे मध्ययुगीन गावांची रचना अभ्यासता येते. पंथाच्या विचारात अशी जागा वंदनीय ठरते ती तिच्यात देव राहतो म्हणून नव्हे, तर तिला ईश्वराचा संबंध घडला म्हणून. संबंध हा येथे पारिभाषिक अर्थाने घ्यायचा शब्द आहे. तो एकदा घडला की इतिहासातील घटनेप्रमाणे कायमचा घडलेला असतो, त्याला विधीने काढता येत नाही आणि मालक बदलल्याने तो पुसला जात नाही. पण तो कळण्यासाठी कोणीतरी त्याची नोंद ठेवावी लागते, तेथे जावे लागते, ओटा बांधावा लागतो, आणि पुढच्या पिढीला ती जागा दाखवावी लागते. म्हणजे संबंधाचे अस्तित्व माणसांवर अवलंबून नाही, पण त्याचे चालू राहणे माणसांवर अवलंबून आहे. सोडलेल्या स्थानाच्या पावित्र्याबद्दल याहून नेमके विधान करणे कठीण आहे.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पावित्र्य जर संबंधातून येत असेल, तर दुसऱ्याचे स्थान बळकावून तेथे आपला संबंध निर्माण करणाऱ्यालाही तेच समर्थन मिळते. बोरिवलीचे मंडपेश्वर लेणे हे या आक्षेपाचे मूर्तिमंत उदाहरण आहे. साधारण सहाव्या शतकात कोरलेले, नटराजाच्या भव्य शिल्पपटाचे हे शैव लेणे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी ताब्यात घेतले, शिल्पे भिंतीआड झाकली, आत चर्च मांडले, आणि लेण्याच्या वरच्या पठारावर मोठे विद्यालय बांधले. लेण्याच्या भिंतीवर कोरलेला क्रूस आजही तेथे आहे. मराठ्यांच्या विजयानंतर वरची इमारत ओस पडली, आणि आज खाली शिवलिंगाची पूजा होते, महाशिवरात्रीला गर्दी लोटते, तर वर विद्यालयाचे भग्नावशेष उभे आहेत. येथे घडला तो अन्याय होता, आणि त्याला दुसरे नाव देता येत नाही. मंडपेश्वर आणि कोंडिविटे यांतला फरक याच ठिकाणी ठरतो. चैत्यगृहाच्या भिंतीवर बुद्धमूर्ती कोरणाऱ्यांनी स्तूपाला झाकले नाही, आणि लेण्यांना महाकालीचे नाव देणाऱ्या गावकऱ्यांनी स्तूप फोडला नाही. संबंध जुळवण्यासाठी आधीच्या उपासकाला बाहेर काढावे लागत असेल, तर तो संबंध नव्हे, ताबा आहे. एका स्थानाशी अनेकांचे संबंध एकाच वेळी असू शकतात, तेथे ताबा मात्र एकाचाच असतो. धार्मिक वादांत या दोहोंची गल्लत नेहमी होते, आणि तिची किंमत दुबळ्या बाजूला मोजावी लागते.

कोंडिविट्याच्या चर्चवर विसाव्या शतकात जे आले ते धर्माच्या नावाने आलेच नाही. औद्योगिक वसाहतीसाठी या भागातील जमिनी संपादित झाल्या, आणि 1973 मध्ये येथे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे सर्वपरिचित सीप्झ, सुरू झाले. आधी इलेक्ट्रॉनिक वस्तू, मग हिरे व दागिने, आणि नंतर सॉफ्टवेअर, असा त्याचा विस्तार होत गेला. हजारो कुटुंबांची चूल या क्षेत्रावर चालते, आणि त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु निर्यातीचा माल करमुक्त असल्यामुळे या क्षेत्राला कुंपण आहे, प्रवेशद्वारावर तपासणी आहे, परवान्याशिवाय आत जाता येत नाही, आणि जुन्या चर्चच्या भिंती या कुंपणाच्या आत आहेत. मरोळचे ईस्ट इंडियन लोक मे महिन्यात त्या भग्न चर्चमध्ये वार्षिक मिस्सा साजरी करतात, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस यांच्या अर्पणाचा मुख्य ख्रिस्ती उपासनाविधी तेथे उघड्या आकाशाखाली होतो. ज्या दिवशी ही मिस्सा होते त्या दिवशी संबंध चालू असतो. उरलेल्या दिवसांत तो कुंपणापाशी अडतो. लेण्यांच्या वाट्याला शहराने आणलेले दुखणे निराळे, तेथे वस्तीने टेकडीला चहूबाजूंनी वेढले आहे. तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणामुळे लेणी निदान लोकांना खुली आहेत.

येथे आगेऱ्याचे उदाहरण उपयोगी पडते. मरोळ, कोंडिविटे, आंबोली, गुंदवली या गावांची भातशेती जवळपास पूर्णपणे संपली, तरी नव्या भाताचा सण ईस्ट इंडियन चर्चमध्ये ऑक्टोबरात होतच राहिला. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की जमीन गेली तरी श्रद्धेचे काही बिघडत नाही, मग जुन्या भिंतींचा आग्रह कशासाठी? हा निष्कर्ष उतावळा आहे. शेतीविना चाललेला आगेरा हा समाजाच्या चिवटपणाचा पुरावा आहे, जमीन जाणे निरुपद्रवी होते याचा नव्हे. बौद्ध परंपरेच्या भाषेत सांगायचे तर पारिभोगिकाचा आधार तुटला की सगळा भार उद्देशिकावर, म्हणजे निव्वळ स्मरणावर येतो, आणि तो भार स्मरणाने किती पिढ्या पेलावा याला मर्यादा असते. कोंडिविट्याचा स्तूप जागेवर होता म्हणून हजार वर्षांनी त्याला उपासक पुन्हा मिळाले. मूळ वास्तूच राहिली नसती, तर 1956 नंतरच्या पिढीला परतण्यासाठी ठिकाणच उरले नसते.

कायद्याने या प्रश्नाला काही अंशी हात घातलेला आहे. 1958 चा प्राचीन स्मारके, पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम संरक्षित स्मारक उपासनास्थान असेल तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत वापर होऊ देत नाही. 1991 चा उपासनास्थाने अधिनियम 15 ऑगस्ट 1947 रोजी असलेले धार्मिक स्वरूप कायम राखतो, आणि प्राचीन स्मारकांना आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. हे दोन्ही कायदे वास्तूच्या स्वरूपाबद्दल आणि मालकीच्या वादाबद्दल बोलतात. वास्तू तशीच उभी आहे, तिच्यावर कोणी हक्क सांगत नाही, पण तेथे जाण्याची वाटच दुसऱ्याच्या हाती आहे, अशा परिस्थितीत भाविकांनी काय करावे, याचे उत्तर त्यांत सापडत नाही. 1882 चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम रूढीने मिळालेले हक्क तत्त्वतः मान्य करतो, म्हणजे गावाच्या जुन्या वहिवाटीला आधार देणारा विचार भारतीय कायद्याला परका नाही. त्या विचाराचा विस्तार ओस पडलेल्या उपासनास्थानांपर्यंत व्हायला हवा. मालकी मागणाऱ्यांचा आवाज देशात मोठा आहे, आणि ज्यांना केवळ वाट हवी आहे त्यांचा आवाज त्यात बुडून जातो.

मरोळच्या चर्चपासून सीप्झमधल्या जुन्या भिंती फार तर दोन-तीन किलोमीटरवर आहेत, आणि 2024 च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रोने सीप्झ आणि मरोळ नाका ही दोन्ही स्थानके जोडलेली आहेत. 1840 मध्ये कोंडिविट्याच्या लोकांनी आपली वास्तू साथीपुढे नाइलाज झाल्यामुळे सोडली, कोणाला विकली नाही आणि कोणाला देऊनही टाकली नाही. म्हणून ज्या शासकीय यंत्रणांच्या ताब्यात आज ती जमीन आहे त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. भिंती आणखी ढासळू नयेत यासाठी जाणकार स्थापत्यतज्ज्ञांकडून त्यांचे जतन करून घ्यावे, आणि वर्षातील मिस्सेचा दिवस, संत जॉनचा 24 जूनचा सण, तसेच मृतांच्या स्मरणाचा 2 नोव्हेंबरचा दिवस, या तीन दिवशी तेथे जाण्याची मुभा मरोळ आणि कोंडिविट्याच्या लोकांना दरवर्षी नव्याने अर्ज करायला न लावता लेखी व कायमस्वरूपी हक्क म्हणून द्यावी.